व्हिजिटची गाडी

१

मिस्त्रीच्या वर्कशॉपात 'उद्या' या शब्दाचा अर्थ सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ झाला होता. उद्या म्हणजे परवा किंवा पुढचा आठवडा, आणि 'उद्या नक्की' म्हणजे मग विचारूच नका. तरीही माणसं त्याच्याचकडे यायची. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवून, उघडून, त्यातलं नेमकं झिजलेलं चाक बदलून पुन्हा जसाच्या तसा बसवणारा दुसरा माणूस आसपास उरला नव्हता. नव्या मेकॅनिकांना गिअरबॉक्सचं नाव काढलं की ताप भरायचा. मिस्त्री मात्र कोपरापर्यंत तेलात हात घालून बसला की तहानभूक विसरायचा.

"तुमचा उद्या उजाडतो तरी कधी हो?" बायको विचारायची. "एकदा मलाही दाखवा. डोळे भरून बघेन म्हणते."

"दाखवतो की," तो म्हणायचा. "उद्या."

हा दोघांतला फार जुना विनोद होता. आता त्यावर कोणी हसायचंही नाही, पण एखाद्या दिवशी तो झाला नाही तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

घर वर्कशॉपापासून चालत जाण्याएवढं जवळ. मुख्य रस्त्यावरून एक चिंचोळा बोळ आत शिरायचा, आणि जिथे तो संपायचा तिथे मिस्त्रीचं घर. त्यापुढे नुसती भिंत. गाडी आत आली तर तिला वळायला जागा नव्हती. आली तशी रिव्हर्समध्ये बाहेर काढावी लागायची, आणि पाहुण्यांच्या गाड्या अशा बाहेर काढून देणं हेही मिस्त्रीचंच काम असायचं.

बायकोची खाट त्यानं खिडकीशी आणून ठेवली होती. तिला हॉस्पिटलातून घरी आणल्याला फार दिवस झाले नव्हते. छातीचं दुखणं होतं. निघताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "घरी न्या. चालेल तितकं चालू द्या."

मिस्त्रीला ते वाक्य ओळखीचं वाटलं. घरी पोचेपर्यंत त्याला आठवलं की ते त्याचंच वाक्य होतं. ज्या गाडीत आता काही राम उरलेला नाही, तिच्या मालकाला तो हेच सांगायचा आणि ह्याच आवाजात सांगायचा. त्या दिवसापासून त्यानं ते वाक्य कुणालाही म्हटलं नाही.

२

गाडी घेऊन आला तो डॉक्टरांचा मुलगा. म्हणजे त्याच भागातल्या जुन्या डॉक्टरांचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी बंद शेडमध्ये उभी होती. टपावर बोट फिरवलं तर धुळीखाली मूळचा करडा रंग दिसत होता, आणि दार उघडल्यावर आतून स्पिरिटचा मंद वास आला.

"काका, बाबांची गाडी आहे. विकणार नाही," मुलगा म्हणाला. "चालती करून द्या, बस. दुसरा गिअर करकरतो. आणि तिसरा चालता चालता आपोआप सुटतो. मला तर इथवर आणताना घाम फुटला."

"बघतो."

"कधी मिळेल?"

"उद्या," मिस्त्री म्हणाला, आणि दोघंही हसले.

ही गाडी मिस्त्रीला नवी नव्हती. डॉक्टर हिच्यातूनच व्हिजिटला जायचे. उमेदीच्या काळात त्यांनी कित्येकांना खाटेवरून उठवून उभं केलं होतं. पुढे म्हातारपणी दवाखाना बंद केला, तरी व्हिजिट बंद केल्या नाहीत. मात्र तेव्हा ते अशाच घरी जायचे, जिथे करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. खुर्ची ओढून खाटेशी बसायचे, आजाऱ्याचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "घाई नाही." घरच्यांना त्यानं बरं वाटायचं. आणि त्यांची करडी गाडी दाराशी उभी दिसली की शेजाऱ्यांच्या काळजात धस्स व्हायचं.

एकदा त्यांच्या गाडीचा रिव्हर्स लागेनासा झाला होता. डॉक्टर स्वतः स्टुलावर बसून राहिले होते मिस्त्रीचं काम संपेपर्यंत.

"बाकीचे गिअर रुसले तर चालवून घेतो मी," ते म्हणाले होते. "रिव्हर्सशिवाय मात्र घराबाहेर पडत नाही. कुणाच्या बोळात शिरायचं आणि मग निघता येऊ नये, हे काही मला जमायचं नाही, मिस्त्री."

आणि खरंच, रिव्हर्स दुरुस्त होईस्तोवर त्यांनी एकही व्हिजिट केली नव्हती.

३

वर्कशॉपात गाडीखाली उभं राहायला एक खड्डा होता. मिस्त्रीनं गाडी त्यावर घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरला. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची तपासायची रीत. बेअरिंग खराब असलं तर आतून गुरगुर ऐकू यायची. दाते झिजले असले तर किणकिण यायची. त्याचा डावा कान टायर फुटून फार पूर्वीच बाद झाला होता आणि अधूनमधून नुसताच वाजायचा. उजवा मात्र अजून शाबूत होता.

मागचं बेअरिंग थोडं गुरगुरत होतं. त्याला अपेक्षाच होती. वर येऊन त्यानं इंजिन बंद केलं, जुनं तेल काढायला खाली पातेलं ठेवलं, आणि बोल्टला पाना लावण्याआधी सवयीनं पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला. बंद गाडीला स्क्रूड्रायव्हर लावण्यात काही अर्थ नव्हता. हाताला आपली खोड.

आत पहिला गिअर पडला.

मिस्त्रीनं डोळे उघडले. समोर मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट होता. तो जागचा हलत नव्हता. त्यानं त्यावर तळहात ठेवला. थंड, स्थिर. कानात मात्र गाडी निघाली होती. सूर चढत गेला, क्लचची उसंत आली, दुसरा गिअर थोडा करकरून पडला, मग तिसरा. कोणीतरी सवयीच्या हातानं, जराही धसका न देता गाडी चालवत होतं.

तेल खाली बसताना आवाज होतो, त्यानं स्वतःला सांगितलं. लोखंड गार होताना टिकटिकतं. हे दोन्ही खरं होतं. पण टिकटिकणारं लोखंड गिअर बदलत नाही, हेही त्याला माहीत होतं, आणि या कामात अख्खा जन्म गेलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नसतं.

प्रत्येक गाडी दुरुस्त झाली की मिस्त्री एकाच वाटेनं ट्रायल घ्यायचा. त्यामुळे त्या भागातला प्रत्येक रस्ता त्याला गिअरांत पाठ होता. मुख्य रस्त्याला तिसरा. पाण्याच्या टाकीशी दुसरा. शाळेपुढच्या गतिरोधकावर पहिला. हा आवाज टाकीपाशी दुसऱ्यावर आला, डावीकडचा चढ त्यानं कुथत पार केला आणि माथ्यावर थांबला. चढाच्या माथ्यावर एकच घर होतं. म्हाताऱ्या शिंप्याचं.

हँडब्रेक ओढला गेला. एक दार उघडलं आणि मिटलं.

मग बराच वेळ काही नाही. मिस्त्रीची मान अवघडली, पण तो हलला नाही. नंतर दार वाजलं. पाठोपाठ दुसऱ्या बाजूचंही वाजलं. आणि मग रिव्हर्सचा तो उंच, रडका सूर. जुन्या गाड्यांचा रिव्हर्स रडतो. त्याचे दाते सरळ असतात म्हणून. तो सूर चढावरून खाली येत येत विरला.

संध्याकाळी त्यानं बायकोला हे हसत हसत सांगितलं. दारांचं सांगितलं नाही.

"कान वाजतायत तुमचे," ती म्हणाली. "आधी एकच वाजायचा, आता जोडी झाली. चला, बरं झालं, सोबत मिळाली त्याला."

सकाळी दूधवाल्यानं सांगितलं की शिंपी गेला. काल दुपारी झोपेतच गेला, कुणाला त्रास नाही, काही नाही. केवढं वय झालं होतं त्याचं, असं सगळेच म्हणाले, आणि मिस्त्रीही म्हणाला.

४

त्यानं गिअरबॉक्स उतरवून टेबलावर घेतला. दुसऱ्याची पितळी रिंग पार गुळगुळीत झाली होती, ती बदलली. तिसऱ्याला जागच्या जागी धरून ठेवणारी स्प्रिंग मेली होती, तीही बदलली. काम हातात असलं की मन ताळ्यावर येतं. सगळं पुसून, जोडून त्यानं झाकण आवळलं, तेव्हा ऐन दुपार होती. समोरच्या रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि कुणाच्यातरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

टेबलावर पडलेला गिअरबॉक्स. त्याला ना इंजिन, ना चाकं. त्याच्या पोटात तेलाचा थेंबही नव्हता. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला तो केवळ मनाची खात्री करायला.

पहिला. दुसरा. आता दुसरा करकरला नाही, नव्या रिंगमुळे लोण्यासारखा पडला. त्याला त्याचा क्षणभर अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाचीच मग भीती वाटली.

शाळेपुढे पहिला. मग भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू. मग हँडब्रेक.

शाळेच्या भिंतीशी इस्त्रीवालीचं दुकान होतं. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर टाकला आणि हात न धुताच धावत सुटला.

इस्त्रीवाली ठणठणीत होती. कोळशाची इस्त्री एका हातानं सहज फिरवत होती, आणि त्याला धापा टाकताना बघून हसली.

"काय मिस्त्री, पाठीमागे कुत्रं लागलं की काय? शर्ट झालाय तुमचा, पण त्या हातानं घेऊ नका."

"इथे आत्ता कुठली गाडी आली होती?"

"गाडी? नाही बाई." तिनं इस्त्री उभी केली. "पण तुम्ही म्हणता म्हणून सांगते. मघापासून मला उगाच वाटतंय, कुणीतरी येऊन उभं आहे. म्हणून ते स्टूल पुढे ओढून ठेवलं. माझंही डोकं फिरलंय या उकाड्यानं."

टेबलाजवळ स्टूल होतं. रिकामं. मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. दारात कुठलीच गाडी उभी नव्हती. भर उन्हात आपण एका धडधाकट बाईला काय सांगणार होतो, हेच त्याला सुचेना. जपून राहा, एवढंच म्हणाला आणि ओशाळून परत आला.

दिवेलागणीच्या सुमाराला शेजारीण सांगत आली. इस्त्रीवाली दुकान बंद करताना चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही.

बायकोनं खाटेवरून बोळाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचा शर्ट राहिला हो तिच्याकडे." आणि रडायला लागली.

५

गिअरबॉक्सवर त्यानं जाड पोतं टाकलं, आणि स्क्रूड्रायव्हर कपाटात कुलूप लावून ठेवला. दुसरी कामं काढली. पण हात दुसरीकडे आणि लक्ष पोत्याकडे, असं किती वेळ चालणार? ऐकलं नाही म्हणजे गाडी निघायची थांबते असं थोडंच आहे? उलट ऐकलं तर निदान कळेल तरी. एका दुपारी त्यानं कुलूप उघडलं.

गाडी मुख्य रस्त्यावर होती. टाकी आली, तिथे वळली नाही. शाळेकडेही वळली नाही. सरळ येत राहिली, आणि मग तिसऱ्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा पहिला. या जागी गाडीचा वेग एकाच गोष्टीसाठी कमी करतात. इथे त्याचा बोळ होता.

गाडी बोळाच्या तोंडाशी हाफ क्लचवर उभी राहिली. पत्ता नीट आठवत नसलेला माणूस थांबून पाट्या वाचतो, तशी नुसती धडधडत राहिली. मग पुन्हा सूर चढला आणि गाडी पुढे निघून गेली.

मिस्त्री स्टुलावर बसला. हे तेच स्टूल होतं, ज्यावर एकदा डॉक्टर बसले होते. आणि बसल्या बसल्या त्याला त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. रिव्हर्सशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

त्यानं विचार करायला वेळ घेतला नाही. झाकण उघडलं. रिव्हर्सचं काम करतं ते एक छोटंसं मधलं चाक, मुठीत मावेल एवढं. ते नसलं तर दांडा रिव्हर्सच्या जागी जातो, पण गाडी तसूभर मागे सरकत नाही. त्यानं ते चाक त्याच्या पिनेसकट काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. झाकण पुन्हा आवळलं. आजवर लोकांच्या गाड्या चालाव्यात म्हणून त्यानं हात काळे केले होते. एखादी गाडी निघूच नये म्हणून पहिल्यांदाच केले, आणि त्याला जराही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मुलाचा फोन आला. "काका, झाली का हो?"

"उद्या," मिस्त्री म्हणाला.

आणि खरोखरच सगळं शांत झालं. तो रोज दुपारी स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि आत नुसतं लोखंड असायचं, मुकं, साधं लोखंड. घरी बायको उशीला टेकून बसायला लागली. एका सकाळी तिनं स्वतःच्या हातानं चहा केला, साखर घालायला विसरली, आणि त्यानं तो मिटक्या मारत प्यायला. तिच्या गालांवर थोडा रंग आला होता. खिशातल्या चाकावर हात ठेवून मिस्त्री मनातल्या मनात हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाला, बघा, चालतंय की.

६

त्या दिवशी तो स्क्रूड्रायव्हर टेकवून वर शीळ घालत होता. शीळ अर्ध्यात थांबली.

पहिला. दुसरा. तिसरा.

निघायला नको होतं. त्यानं खिसा चाचपला. चाक होतं.

टाकी गेली. शाळा गेली. बोळाच्या तोंडाशी गाडी पहिल्यावर आली, आणि या वेळी पाट्या वाचायला थांबली नाही. आत वळली. बोळात गटाराचं एक लोखंडी झाकण सैल होतं, त्यावरून चाक गेलं की खणकन वाजायचं. ते वाजलं. पुढचं चाक, मग मागचं. हँडब्रेक ओढला गेला. एक दार उघडलं आणि मिटलं.

धावायला हवं, हे त्याला कळत होतं. पाय उचलत नव्हते. मूठ कानामागे इतकी रुतली होती की हाड दुखत होतं. आता तिथे खुर्ची ओढली जात असेल. आता तो तिचा हात हातात घेत असेल. घाई नाही, म्हणत असेल. मिस्त्रीला स्वतःचं काळीज ऐकू येत होतं, बाकी काही नाही.

मग एक दार वाजलं. आणि दुसऱ्या बाजूचंही वाजलं.

"नाही," मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. वर्कशॉपात ऐकायला कोणी नव्हतं.

दांडा रिव्हर्सच्या जागी गेला. कर्र. तिथे काहीच नव्हतं. दांडा मागे आला, पुन्हा गेला. कर्र. ना राग, ना झटापट. सभ्य माणूस दुसऱ्याच्या गाडीलासुद्धा जपून हाताळतो, तसा तो हात पुन्हा पुन्हा रिकामी जागा चाचपत होता. टेबलावरच्या गिअरबॉक्सवर आता दांडाच नव्हता; तो कधीच काढून बाजूला ठेवलेला होता. तरी आत ते चाललं होतं.

मग ते थांबलं. एक दार उघडलं. थोड्या वेळानं दुसरं उघडलं. दोन्ही हळूच मिटली.

तेव्हा कुठे मिस्त्रीचे पाय सुटले.

बोळ रिकामा होता. सैल झाकणावर त्याचाच पाय पडला आणि ते वाजलं. घराचं दार सताड उघडं. आत बायको खाटेवर होती, डोळे उघडे, जिवंत. त्याला इतकं रडू फुटलं की काही क्षण त्याला दुसरं काही दिसलंच नाही.

मग दिसलं. तिनं केस विंचरले होते. बाहेर जायचं असलं की ती घालायची तो स्वेटर अंगात होता, आणि पांघरुणातून बाहेर आलेल्या तिच्या पायांत चपला होत्या. चपलांना बोळातली धूळ लागलेली होती. जेवायच्या टेबलाची खुर्ची खाटेशी आणलेली होती, आणि तिची वेताची बैठक मध्ये खाली दबलेली होती.

"अहो, आलात?" ती म्हणाली. आवाज थकलेला होता, पण शांत. "मी निघालेच होते. गाडीत जाऊन बसलेसुद्धा. मग गाडी मागेच जाईना."

"कोणाची गाडी? अगं, कोणाबरोबर?"

तिनं खुर्चीकडे बघितलं. पाहुण्यासमोर नवऱ्यानं खुळ्यासारखा प्रश्न विचारला की बायको जशी ओशाळते, तशी ओशाळली.

"ते विचारतायत," ती म्हणाली, "गाडी कधी होईल?"

खिशात मिस्त्रीची मूठ त्या छोट्या चाकावर आवळली. दाते तळव्यात घुसले. खुर्चीकडे न बघता, आयुष्यभर देत आलेलं उत्तर त्यानं दिलं.

"उद्या."

७

त्यानंतर भागातलं कोणीही गेलं नाही. शाळेमागचे नव्वदीचे आजोबाही उठून बसले, असं शेजारीण कौतुकानं सांगते. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर एकदा येऊन तपासून गेले आणि म्हणाले, आश्चर्य आहे.

डॉक्टरांच्या मुलानं फोन करणं सोडून दिलं आहे. गिअरबॉक्स टेबलावर पोत्याखाली आहे. मिस्त्री आता स्क्रूड्रायव्हर टेकवत नाही. त्याची गरज नाही. रोज दुपारी तो घरीच असतो, आणि रोज दुपारी केव्हातरी बायकोचा श्वास वर जातो, छातीत कर्र होतं, आणि पुढे जायला जागा न सापडल्यासारखा तो परत येतो. पुन्हा जातो. पुन्हा येतो. बरं होणं थांबलं आहे आणि बिघडणंही. ती काही खात नाही, झोपत नाही. चपला काढू देत नाही. "परत घालायच्याच आहेत," म्हणते.

खुर्ची तिथेच असते. मिस्त्रीनं ती दोनदा टेबलाशी नेऊन ठेवली होती. आता नेत नाही. तिला वळसा घालून जातो, आणि वळसा घालताना नकळत अंग चोरतो, बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून.

संध्याकाळी तो खाटेच्या पायथ्याशी बसून फडकं उलगडतो. चाकाला गंज धरू नये म्हणून त्यावर तेलाचा हात फिरवतो, एकेक दाता पुसतो. असं चाक पुन्हा घडवून मिळत नाही. ते बसवायला फारसा वेळ लागणार नाही हे त्याला ठाऊक आहे. झाकण उघडायचं, पिन सरकवायची, झाकण आवळायचं.

बायको ते सगळं पडल्या पडल्या बघत असते. परवा ती बघता बघता हसली. फार दिवसांनी हसली.

"कळलंय मला, काय करून ठेवलंय तुम्ही ते," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला श्वास शोधावा लागत होता. "रागावले नाही हो. पण दमले मी. आणि त्यांना तरी किती ताटकळत ठेवायचं?"

मिस्त्री मान खाली घालून पुसत राहिला.

"सांगा ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज जुन्या थट्टेचाच होता. "तुमचा उद्या उजाडतो तरी कधी हो?"

खाटेशी वेताची खुर्ची करकरली. उत्तर ऐकायला कोणी पुढे वाकलं की करकरते तशी.

मिस्त्रीनं चाक फडक्यात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि तिचे पाय चपलांसकट मांडीवर घेतले.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या नक्की."